मूठभर पावडर, लाखभर माणसं

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



माझी सगळी नोकरी कॅन्सरच्या रुग्णालयात, किरणोपचार विभागात गेली. आपल्याकडे ज्याला सगळे 'शेक' म्हणतात, तो शेक कुणाला, कुठे आणि किती द्यायचा याचा हिशेब करण्याचं माझं काम. मी डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या शेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसणारा भौतिकशास्त्रवाला. त्या खोलीबाहेरच्या बाकावर मला सर्वांत जास्त वेळा जो प्रश्न विचारला गेला, तो आजाराबद्दल नव्हताच. "साहेब, आईला शेक दिल्यावर नातवंडांना तिच्याजवळ जाऊ द्यायचं का?" हा तो प्रश्न.

एका घरात तर सासूबाईंचं ताट, वाटी, पेला वेगळा काढला होता आणि झोपायला पडवीत खाट टाकली होती. सुनेचा हेतू वाईट नव्हता. घरात तीन वर्षांचं मूल होतं आणि कुणीतरी तिला घाबरवून सोडलं होतं. मी तिला विचारलं, "टॉर्चचा उजेड तुमच्या अंगावर पडला, तर टॉर्च विझल्यावर तुमचं अंग उजेड देतं का?" ती हसली. यंत्रातून बाहेरून दिलेला शेक तसाच असतो, यंत्र बंद झालं की संपला, माणसाच्या अंगात काही उरत नाही, हे तिला पटलंही. पेला मात्र आणखी आठवडाभर वेगळाच राहिला, असं पुढच्या खेपेला सासूबाईंनीच मला सांगितलं.

हे आठवायचं कारण म्हणजे आजचा विषय. 'डर्टी बॉम्ब' हा शब्द अमेरिकेतल्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर वर्तमानपत्रांत वारंवार येऊ लागला आणि अजूनही अधूनमधून येतो. बरेच जण त्याला लहान अणुबॉम्ब समजतात. तो अणुबॉम्ब नव्हे. अणुबॉम्बमध्ये अणूंच्या विभाजनाची साखळी सुरू होते आणि शहर भाजून निघतं. डर्टी बॉम्बमध्ये तसलं काही होत नाही. साधी स्फोटकं घ्यायची आणि त्यांना रुग्णालयात किंवा कारखान्यात वापरला जाणारा किरणोत्सारी पदार्थ जोडायचा, एवढाच तो प्रकार. स्फोट नेहमीचाच, फक्त धुरळ्यात किरणोत्सारी कण मिसळलेले. जवळची माणसं मरतील ती बहुधा स्फोटाने.

१९९५ च्या नोव्हेंबरात चेचेन बंडखोरांनी मॉस्कोच्या इझमायलोवो बागेत सिझियमचा एक डबा पुरून ठेवला आणि टीव्हीवाल्यांना कळवलं. डबा सापडला, त्याचा स्फोट केला गेला नव्हता. २००२ मध्ये शिकागोच्या विमानतळावर एकाला पकडल्यावर, तो डर्टी बॉम्ब करण्याच्या बेतात होता असं अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलनी जगाला सांगितलं. पाच वर्षांनी त्याला शिक्षा झाली ती दुसऱ्याच आरोपांवर, डर्टी बॉम्बचा आरोप खटल्यात आलाच नाही. आजपर्यंत कुणा अतिरेक्याने असा बॉम्ब फोडून दाखवलेला नाही. मात्र तसं झालं तर काय काय होईल, याचं चित्र जगाने पाहिलेलं आहे. तेही बॉम्बशिवाय, निव्वळ निष्काळजीपणातून.

ब्राझीलच्या मध्यभागी गोयानिया नावाचं शहर आहे, गोयास राज्याची राजधानी. तिथल्या एका खासगी किरणोपचार केंद्राने १९८५ च्या अखेरीस जागा बदलली. जाताना शेक द्यायचं जुनं सिझियमचं यंत्र मागेच राहिलं. इमारत अर्धीमुर्धी पाडली गेली. १३ सप्टेंबर १९८७ ला दोघे जण आत शिरले, भंगारात विकण्याजोगं काही मिळतंय का ते बघायला. यंत्राचं जड डोकं त्यांनी काढलं, ढकलगाडीवर घातलं आणि घरी नेऊन फोडायला घेतलं. दोघांना उलट्या सुरू झाल्या. काहीतरी वाईट खाण्यात आलं असेल असं त्यांना वाटलं.

१८ तारखेला तो ऐवज एका भंगारवाल्याने विकत घेतला. त्या रात्री त्याला दिसलं की त्या तुकड्यातून सुंदर निळा उजेड बाहेर पडतोय. त्याने तो उचलून घरात आणून ठेवला. शेजारीपाजारी, नातेवाईक बघायला आले. आतली पावडर तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यांत वाटली गेली. कार्निव्हलमध्ये चमकी लावतात तशी काहींनी ती अंगाला लावून पाहिली. भंगारवाल्याच्या भावाने थोडी घरी नेली, त्याची सहा वर्षांची मुलगी ती खेळली आणि त्याच हातांनी जेवली. मिठासारखी दिसणारी ही पावडर, सिझियम क्लोराइड, एकूण होती ९३ ग्रॅम. एका मुठीत मावेल एवढी.

एकामागून एक माणसं आजारी पडू लागली. डॉक्टरांनी वेगवेगळे रोग सांगितले. या सगळ्याचं मूळ त्या चमकत्या पुडीत आहे हे ओळखलं ते भंगारवाल्याच्या बायकोने. २८ सप्टेंबरला तिने उरलेला तुकडा पिशवीत घातला, एका नोकराला बरोबर घेतलं, बसने आरोग्य खात्याच्या कचेरीत गेली आणि पिशवी डॉक्टरसमोर ठेवून म्हणाली की यामुळे माझी माणसं मरताहेत. त्या बाईचं शिक्षण किती झालं होतं मला माहीत नाही, पण त्या पंधरा दिवसांत शहरात नीट विचार केलेलं माणूस मला तरी ती एकच दिसते. दुसऱ्या दिवशी एक भौतिकशास्त्रज्ञ उसना मीटर घेऊन तिकडे निघाला. कचेरी पुरती दिसायच्या आधीच मीटरचा काटा टोकाला जाऊन चिकटला. यंत्र बिघडलंय असं समजून तो परत गेला आणि दुसरं घेऊन आला. त्याचंही तेच. तो पोचला तेव्हा अग्निशामक दलाचे लोक ती पिशवी उचलून नदीत टाकण्याच्या विचारात होते. त्यांना त्याने थांबवलं.

चार माणसं गेली. ती बाई, ती सहा वर्षांची मुलगी आणि भंगाराच्या दुकानातले दोन नोकर, एक २२ वर्षांचा, एक १८ वर्षांचा. एकाचा हात कापावा लागला. सिझियम पोटात गेलेल्यांना प्रशियन ब्लू दिलं. चित्रकार वापरतात तोच निळा रंग, तो आतड्यात सिझियमला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर काढतो. ४६ जणांना तो दिला गेला.

इथवरची गोष्ट किरणांची. आता भीतीची सांगतो.

बातमी फुटली आणि ऑलिम्पिक स्टेडियमवर तपासणीसाठी रांगा लागल्या. सुमारे १ लाख १२ हजार लोकांची मीटरने तपासणी झाली. त्यांतल्या २४९ जणांवर सिझियम सापडलं, म्हणजे साधारण साडेचारशेत एक. त्यांतही जवळपास निम्म्यांच्या फक्त कपड्यांना किंवा चपलांना ते लागलेलं होतं. पण पहिल्या ६० हजारांत सुमारे ५ हजार माणसं अशी होती की त्यांना उलट्या, जुलाब होत होते, अंगावर पुरळ उठलं होतं. किरणांच्या आजारात होतं तसंच सगळं. त्यांतल्या एकाच्याही अंगावर सिझियमचा कण नव्हता. ती माणसं ढोंग करत नव्हती. परीक्षेच्या सकाळी पोरांना खरोखरच जुलाब होतात, तसंच हे.

त्या लहान मुलीला शिशाच्या पेटीत ठेवून दफनभूमीत नेलं, तेव्हा दोन हजारांवर लोक विरोधाला उभे राहिले. दगड मारले गेले. इतर शहरांतल्या हॉटेलांनी गोयानियाच्या लोकांना खोल्या नाकारल्या, गोयासची नंबरप्लेट असलेल्या गाड्यांवर दगड पडले. राज्यातल्या शेतमालाचा भाव काही आठवडे निम्म्यावर आला, त्या मालात सिझियमचा लवलेश नसताना. 'मी किरणोत्सारी नाही' असं प्रमाणपत्र खिशात घेऊन हजारो माणसांना फिरावं लागलं. शेतकऱ्याचा भाजीपाला आणि माझ्या त्या सासूबाईंचा पेला, दोन्हीकडे कारण एकच.

मला या प्रकरणात खटकतं ते वेगळंच. १३ तारखेपासून २९ तारखेपर्यंत, सोळा दिवस, गोयानियात कुणाला भीती वाटत नव्हती. आणि तेव्हाच ती वाटायला हवी होती. सतराव्या दिवसापासून लाखोंना वाटू लागली, आणि त्यांतल्या बहुतेकांना वाटायचं कारण नव्हतं. भीती कमी होती की जास्त, हा प्रश्नच नाही. ती चुकीच्या पत्त्यावर पोचली.

आता कुणी म्हणेल, ९३ ग्रॅममध्ये चार माणसं गेली, मग तीच पावडर बॉम्बने गावभर उधळली तर केवढा अनर्थ होईल! इथे आपलं मन आपल्याला फसवतं. वाटीभर वरणात मूठभर तिखट घातलं तर ते खाणाऱ्याचे हाल कुत्रा खाणार नाही. तेच तिखट गावजेवणाच्या हंड्यात घातलं तर कुणाला कळणारही नाही. गोयानियात माणसं मेली कारण ती पावडर त्यांनी हाताळली, उशाशी ठेवली, पोटात घेतली, तीही काही दिवस. स्फोटाने ती चार-सहा गल्ल्यांवर पसरली तर एकेका माणसाच्या वाट्याला फार थोडी येते. अतिरेक्याची ही अडचणच आहे. त्याला दूरवर पसरवायचंय आणि पसरवलं की तीव्रता जाते. शिवाय एवढा प्रखर पदार्थ आडोशाशिवाय हाताळणारा तो स्वतः आधी आजारी पडायचा.

थोडे आकडे सांगणं भाग आहे. किरणांची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, आकाश, अन्न यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. आपल्या अंगातल्या पोटॅशियमचेच काही हजार अणू दर सेकंदाला फुटत असतात. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूमुळे तिथे काही जणांना याच्या कितीतरी पट मात्रा मिळते. तिथल्या लोकांची वर्षानुवर्षं पाहणी झाली, त्या किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. पोटाचा एक सीटी स्कॅन म्हणजे आठ-दहा मिलिसिव्हर्ट. माझ्या छातीला जन्मभर एक बिल्ला असायचा, दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जायचा. आमच्यासाठीची मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची. उलट्या वगैरे व्हायला एकदम हजाराच्या आसपास मात्रा लागते. चार हजारांच्या घरात गेलं आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं दगावतात.

आणि कॅन्सर? भारतात साधारण नऊ जणांत एकाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होतो, म्हणजे शंभरांत अकरा. एकदम शंभर मिलिसिव्हर्टची मात्रा मिळाली, तर तज्ज्ञांच्या नेहमीच्या अंदाजाप्रमाणे हे अकरा साडेअकरा होतील. अर्धा म्हणजे शून्य नव्हे, हे मी मान्य करतो. त्या अर्ध्यात कोण असेल ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून तर साफसफाई करायची. पण घरात तंबाखूची डबी ठेवणाऱ्या माणसाने या अर्ध्यावर झोप उडवून घ्यावी, हा काही हिशेब झाला नाही.

"काही झालेलं नाही, सगळं सुरक्षित आहे" असं पहिल्या तासात मायक्रोफोनपुढे येऊन सांगणाऱ्यांचा मला तितकाच राग येतो. संध्याकाळी खरं बाहेर येतं आणि मग पुढचे सहा महिने कुणी कशावरच विश्वास ठेवत नाही. जेवढं मोजलंय तेवढं सांगावं, न मोजलेलं मोजतोय म्हणून सांगावं. लोक तेवढं समजून घेतात.

घाईघाईने पळण्यातही जीव जातात. जपानमध्ये फुकुशिमाला २०११ मध्ये किरणांनी तडकाफडकी एकही माणूस गेलं नाही. पण जवळच्या रुग्णालयांतले आणि वृद्धाश्रमांतले अंथरुणाला खिळलेले लोक बसमध्ये घालून हलवले, त्या धावपळीत आणि त्यानंतर लगेच पन्नासांहून अधिक दगावले.

मग असा स्फोट झालाच तर करायचं काय? गणपती विसर्जनाहून माणूस गुलालाने माखून घरी येतो, तेव्हा आपण जे करतो तेच. शेक म्हणजे उजेड, तर हा धुरळा म्हणजे गुलाल. अंगाला लागतो, आणि धुतला की जातो. त्यामुळे स्फोटात जखमी नसलात तर जवळच्या पक्क्या इमारतीत शिरा, दारं-खिडक्या लावा, पंखा-एसी बंद करा. वरचे कपडे दाराशीच काढून पिशवीत बांधा, नुसत्या तेवढ्यानेच बहुतेक धूळ निघून जाते. मग साबणाने अंघोळ, फार खसाखसा न घासता. बाहेरचं उघड्यावरचं खाऊ नका आणि रेडिओ लावा. रेडिओवरचा माणूस हे सांगतोय म्हणून हसू नका, वीज गेल्यावर तोच चालतो. आयोडीनच्या गोळ्यांसाठी औषधाच्या दुकानापुढे रांग लावू नका. त्या गोळ्या फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाचवतात, सिझियम किंवा कोबाल्टपुढे त्यांचा काही उपयोग नाही. आणि कुणी जखमी पडला असेल तर त्याला हात लावायला घाबरू नका. आधी रक्त थांबवायचं, किरणं नंतर मोजता येतात.

गोयानिया दूरचं वाटेल, म्हणून दिल्लीचं सांगतो. एप्रिल २०१० मध्ये पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगारबाजारात माणसं आजारी पडू लागली. कातडी काळवंडली, केस गळाले. एकाने तर त्या धातूचा चकाकता तुकडा पाकिटात घालून ठेवला होता. तो होता कोबाल्ट-६०. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक प्रयोगाचं यंत्र १९८५ पासून वापरात नव्हतं, फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं होतं. कोबाल्टची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते. यंत्र आलं होतं चाळीसेक वर्षांपूर्वी, म्हणजे मूळ शक्तीचा शंभरावा हिस्साही उरला नव्हता. तेवढ्यानेही एक मजूर गेला आणि सात जण रुग्णालयात राहिले. तो बाजार अर्थातच कुणी अतिरेक्याने निवडलेला नव्हता. एका फाइलवर कुणीतरी सही करून मोकळं झालं होतं.

म्हणून बॉम्बपेक्षा मला त्या सोडून दिलेल्या यंत्रांची काळजी जास्त वाटते. कोबाल्टच्या यंत्राऐवजी विजेवर चालणारा लिनॅक आला, तेव्हा आमच्या तंत्रज्ञांची कुरकुर होती की वीज गेली की काम बंद. खरंच आहे. पण वीज काढली की लिनॅक म्हणजे नुसतं लोखंड, चोरून नेलं तरी कुणी मरायचं नाही. रक्तपेढ्यांत रक्तावर किरणं सोडायला वापरतात त्या सिझियमच्या यंत्रांच्या जागीही आता एक्स-रेची यंत्रं मिळतात, नॉर्वे आणि फ्रान्सने ती बसवलीही. अमेरिकेत असंच एक सिझियमचं यंत्र हलवताना २०१९ च्या मे महिन्यात सिएटलमध्ये कुपीला चीर गेली आणि अगदी थोडी पावडर बाहेर आली. १३ माणसांच्या अंगाला लागली, कुणाला मोठी इजा झाली नाही. सात मजली इमारत मात्र दीर्घकाळ बंद राहिली आणि साफसफाईचा खर्च दहा कोटी डॉलरच्या वर गेला.

२००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने एक नवं चिन्ह काढलं. जुनं तीन पाकळ्यांचं चिन्ह ओळखीचं नसेल तर ते फुलासारखं, पंख्यासारखं दिसतं. गोयानियात अशा चिन्हाने कुणाला थांबवलं असतं असं वाटत नाही. नव्या लाल त्रिकोणात तरंग आहेत, कवटी आहे आणि पळणारा माणूस आहे. ते यंत्राच्या बाहेरून दिसत नाही. कुणी यंत्र उघडायला लागलं तर आत समोर येतं.

आपल्याकडे भंगाराचा धंदा करणारे, त्यांच्याकडे काम करणारी मुलं हे भाषण ऐकत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच. एखादं डबडं आकाराच्या मानाने फारच जड लागलं, आत शिसं दिसलं, त्यावर तीन पाकळ्या किंवा कवटी असली, तर छिन्नी लावू नका. खाली ठेवा, लांब व्हा, इतरांना लांब करा आणि पोलिसांना फोन करा. आणि काही चकाकताना दिसलं तर ते घरी पोरांना दाखवायला नेऊ नका.